वाचकांचे प्रश्न : क्लस्टरमधे माउंट कुणाच्या ताब्यात द्यायचा?

प्रश्न : चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सॅप बेसिस (सॅप सॉफ्टवेअरची तांत्रिक देखभाल) बघतो. जुनी ईसीसी (सॅपची आधीची पिढी) सोडून नव्या एस/४ हाना वर चाललोय, सूझे लिनक्स, पेसमेकर (क्लस्टर चालवणारं सॉफ्टवेअर), दोन नोड, म्हणजे एक मशीन पडलं तर दुसरं काम उचलेल असं क्लस्टर. सेटअप करणारा व्हेंडर म्हणतो की नेहमीच्या पद्धतीने करू, म्हणजे एएससीएस (सॅपमधले लॉक सांभाळणारा भाग) आणि ईआरएस (त्या लॉकची कॉपी ठेवणारा भाग) यांच्या फाइलसिस्टिम क्लस्टरच माउंट-अनमाउंट करेल (नोडला लावेल-काढेल), त्यांच्या टीमचा त्यावर हात बसलाय. मी 'सिंपल माउंट'बद्दल वाचलंय पण साहेब म्हणतात प्रॉडक्शनवर प्रयोग नकोत. काय करू?
— एक बेसिस अॅडमिन, चाकण

उत्तर : नवीन बसवताय ना, मग सिंपल माउंटच करा. साहेबांना सांगा की हा प्रयोग वगैरे काही नाहीये, सूझे स्वतःच नव्या सेटअपसाठी हीच पद्धत सुचवतं. व्हेंडरचा हात कशावर बसलाय हे कारण त्याच्या सोयीचं आहे, तुमच्या नाही.

आता नक्की फरक काय ते बघा. जुन्या पद्धतीत एएससीएसची डिरेक्टरी वेगळी फाइलसिस्टिम, ईआरएसची वेगळी, आणि फेलओव्हर झाला (एका नोडचं काम दुसऱ्यावर गेलं) की क्लस्टर एका नोडवरून ती काढून दुसऱ्यावर लावतो. खरी कटकट ती काढण्यात आहे. कुणीतरी अॅडमिन रात्री लॉग बघायला त्या डिरेक्टरीत शिरला, टर्मिनल तसंच उघडं ठेवून चहाला गेला, आणि नेमकं तेव्हाच रिसोर्स (क्लस्टर सांभाळतो तो भाग) हलवायची वेळ आली तर अनमाउंट होता होत नाही, क्लस्टर आधी त्या प्रोसेसना मारून बघतो, तरी नाही जमलं की स्टॉप फेल (रिसोर्स थांबवता आला नाही), आणि स्टॉप फेल झाला की क्लस्टर तो अख्खा नोडच पाडतो. म्हणजे सॅपचं काहीच बिघडलेलं नसताना मशीन रिस्टार्ट!

सिंपल माउंटमधे सॅपची सगळी डिरेक्टरी एनएफएसवर (नेटवर्कवरून दोन्ही नोडना मिळणाऱ्या सामायिक स्टोरेजवर) असते, दोन्ही नोडवर बूट होतानाच ऑपरेटिंग सिस्टिम ती लावून टाकते आणि क्लस्टरचा त्याच्याशी संबंधच उरत नाही. त्याने फक्त व्हर्च्युअल आयपी (काम ज्या नोडवर असेल तिकडे जाणारा नेटवर्क पत्ता) आणि सॅपच्या प्रोसेस सांभाळायच्या. फक्त एक गोष्ट सांभाळायला लागते, बूट झाल्यावर सॅपची स्टार्ट सर्व्हिस दोन्हीकडे आपोआप उठता कामा नये. त्यासाठी सॅपपिंग आणि सॅपपाँग अशा दोन छोट्या सर्व्हिस आहेत (नावं गमतीची आहेत पण काम चोख), पहिली बूटच्या वेळी सर्व्हिसची यादी लपवते, दुसरी नंतर परत ठेवते. प्रोफाइलमधला ऑटोस्टार्टही बंद पाहिजे, तो बघायचा राहिला तर मग क्लस्टर एक करतो आणि सॅप दुसरंच.

अट एकच, एनएफएस दणकट पाहिजे. स्टोरेज टीम कोपऱ्यातल्या जुन्या लिनक्स मशीनवरून शेअर काढून देणार असेल तर मग हाय अव्हेलेबिलिटी कसली, ते मशीन बसलं की दोन्ही नोड एकदम बसणार. तुमच्याकडे फक्त सॅनचे लन (स्टोरेज नेटवर्कवरून मिळणाऱ्या डिस्क) मिळत असतील आणि भरवशाचा एनएफएस मिळणारच नसेल तर व्हेंडर म्हणतो ती पद्धत निमूट घ्या, त्यात कमीपणा नाही, वर्षानुवर्षं चालत आलीये. आणि ईसीसीचं क्लस्टर नीट चालत असेल तर निवृत्त होईपर्यंत त्याला हात लावू नका.

जाता जाता, व्हेंडर ईसीसीचं जुनं कॉन्फिग तसंच कॉपी करून आणेल, ते तपासा. जुन्या एन्क्यू सर्व्हरमधे (एएससीएसमधला लॉक देणारा प्रोग्रॅम) एएससीएसला ईआरएस असलेल्या नोडवरच जावं लागायचं, कारण लॉक टेबलची कॉपी तिथल्या मेमरीत असायची. एस/४ हानाच्या १८०९ आवृत्तीपासून एन्क्यू सर्व्हर २ डिफॉल्ट आहे, तो ईआरएसकडून लॉक नेटवर्कवरून ओढून घेतो, त्यामुळे एएससीएस कुठेही उठला तरी चालतं आणि क्लस्टरचे नियमही वेगळे लिहावे लागतात. म्हणून तिसरा नोड घ्यायलाच पाहिजे असं मात्र नाही, दोन पुरतात.

प्रश्न : टेस्टिंगमधे नोड सारखा रिस्टार्ट होतोय म्हणून टीमने फेन्सिंग (बिघडलेला नोड क्लस्टरने जबरदस्तीने पाडणं) बंद करून ठेवलंय. गो-लाइव्हपर्यंत असंच ठेवलं तर?
— नाशिकचे एक वाचक

उत्तर : अजिबात नको. मधलं नेटवर्क तुटलं की दोन्ही नोडना वाटतं समोरचा मेला, दोघंही एएससीएस उठवतात आणि मग एकाच ऑर्डरवर दोन जणांना लॉक मिळू शकतं. फेन्सिंगशिवायच्या क्लस्टरला सूझेचा सपोर्टही मिळत नाही. रिस्टार्ट का होतोय ते पेसमेकरच्या लॉगमधे शोधा, वर लिहिलंय तसा अनमाउंटचा स्टॉप फेल असण्याची शक्यता बरीच आहे. ते सुटलं की फेन्सिंग चालू करून परत टेस्ट करा, आणि नुसता रिसोर्स इकडून तिकडे हलवून टेस्ट झाली असं समजू नका. एसएम १२ मधे (लॉक दाखवणारी सॅपची स्क्रीन) एक लॉक धरून ठेवा, एन्क्यू सर्व्हरची प्रोसेस किल मायनस नाइनने मारा, नंतर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) क्रॅश करून बघा, आणि दर वेळी तो लॉक जागेवर आहे का ते बघून मगच पुढची टेस्ट घ्या.