खालच्या पट्टीतले नाट्य

प्रश्न असा आहे : ‘लो-की, कॅरेक्टर-ड्रिव्हन ड्रामा’ असे ज्यांचे वर्णन केले जाते ते चित्रपट मला फार आवडतात. मराठीत त्यांना काय म्हणावे? ‘संथ’ म्हटले की ऐकणारा नाक मुरडतो आणि ‘नाट्यमय’ म्हटले की भलतीच अपेक्षा धरून बसतो. आणि ‘स्लो बर्न’ हा त्यातलाच प्रकार का?

आधी ‘नाट्यमय’ घेतो, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे. हा शब्द आपण आता कलाटणीसाठी राखून ठेवला आहे. सामन्याचा शेवट नाट्यमय होतो, घडामोडी नाट्यमय असतात. म्हणजे अचानक, खळबळजनक. बोलण्यातला ‘ड्रामा’ त्याच्याही पुढे गेला. ‘उगाच ड्रामा करू नकोस’ म्हणजे कांगावा करू नकोस. मग ज्या चित्रपटात कोणीच कांगावा करत नाही, त्याच्या नावापुढे ‘ड्रामा’ दिसले की मराठी कान अडखळणारच.

‘नाट्य’ या शब्दाचे जुने घर मात्र बरेच प्रशस्त होते. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात नाट्याचे वर्णन आहे : ‘नानाभावोपसंपन्नं नानावस्थान्तरात्मकम्, लोकवृत्तानुकरणं नाट्यम्’. नाना भावांनी भरलेले, नाना अवस्थांतून जाणारे, लोकांच्या वागण्याचे अनुकरण. या वर्णनात दोन माणसांनी एका खोलीत बसून, जे बोलायचे आहे ते सोडून बाकी सगळे बोलणेही सहज बसते. म्हणून ‘नाट्य’ हा शब्द टाकून देऊ नये, असे माझे मत आहे. फक्त त्याच्या आधी योग्य विशेषण हवे.

इथे थोडे थांबतो, कारण अशा चित्रपटांत नेमके काय भुरळ घालते ते सांगणारा शब्दही त्याच ग्रंथात सापडतो. भरताने 33 व्यभिचारी भाव सांगितले आहेत, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणारे भाव. त्यांतला एक ‘अवहित्थ’. अर्थ : मनातले चेहऱ्यावर दिसू न देणे. तो लाजेतून उपजतो, भीतीतून, पराभवातून, मोठेपणा राखण्यातून. आणि तो ओळखायचा कशावरून? भलतेच काही बोलणे, नजर दुसरीकडे वळवणे, बोलता बोलता विषय तोडणे, धीराचा आव आणणे. या चार खुणा वाचल्यावर माझ्या आवडत्या चित्रपटांतले प्रसंग एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागले.

एकच उदाहरण देतो. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या 1953 सालच्या ‘टोकियो स्टोरी’त म्हाताऱ्या नायकाची बायको पहाटे वारते. तो बाहेर येऊन उभा असतो. सून शोधत येते, तर तो म्हणतो, पहाट सुंदर होती, आजही उकडणार असे दिसते. एवढेच. रडणे नाही, संगीताचा कल्लोळ नाही. भरताच्या भाषेत हे भलतेच बोलणे. पण त्या हवामानाच्या वाक्यामागे किती वर्षांचा संसार उभा आहे ते आपले आपल्याला कळते. पात्र जे झाकते ते प्रेक्षक शोधतो, आणि शोधलेले दुःख सांगितलेल्या दुःखापेक्षा खोल उतरते. या चित्रपटांची ओढ मला तरी इथे वाटते. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवावा लागतो, म्हणून झाकणेसुद्धा मोठे करून दाखवावे लागते. कॅमेरा जवळ जाऊ शकतो. पापणी जरा लवकर मिटली तरी तो टिपतो.

आता ‘लो-की’. हा शब्द तसाच उचलू नये, कारण छायालेखनात त्याला दुसरा पक्का अर्थ आहे : गडद सावल्यांची, मोठा भाग अंधारात ठेवणारी प्रकाशयोजना. ती गुन्हेगारीच्या थरारपटांत भरपूर वापरतात, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या अगदी उलट टोकाला. आपल्या संदर्भातला अर्थ आवाजाच्या उंचीवरून आलेला आहे आणि त्यासाठी मराठीत घरचा शब्द आहे : पट्टी. गाण्याची पट्टी, पेटीची पट्टी, आणि भांडणात ‘आवाज वरच्या पट्टीत गेला’ हेही आपण सहज म्हणतो. मग ‘खालच्या पट्टीतला अभिनय’, ‘खालच्या पट्टीतले नाट्य’ हे कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. एक काळजी घ्यावी : ‘पट्टी’ गाळून नुसते ‘खालचे’ म्हटले की दर्जाचा अर्थ चिकटतो.

‘संयत’ हाही उत्तम शब्द आहे, पण तो जपून वापरावा. त्यात ‘यम्’ धातू आहे, म्हणजे आवरणे. ‘संयम’ त्याच घरातला. आवरायला आधी काहीतरी उसळलेले हवे. ज्या नटाच्या आत काही हलतच नाही त्याच्या कोऱ्या चेहऱ्याला ‘संयत’ म्हणणे हा शब्दावर अन्याय आहे, आणि परीक्षणांत तो सर्रास होतो.

‘संथ’ची बाजू मी घेईन. तो मुळात दोष दाखवणारा शब्द नाही. पाणी संथ असते, लय संथ असते, श्वास संथ चालतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणणाऱ्या भाषेत संथपणाला खोलीचा मान आहेच. दोष दाखवायचा तर ‘रटाळ’, ‘रेंगाळलेला’, ‘पाल्हाळिक’ असे शब्द हाताशी असताना बिचाऱ्या ‘संथ’ला का राबवायचे? चित्रपट संथ असून खिळवून ठेवणारा असू शकतो; रटाळ असून तसा असू शकत नाही.

‘कॅरेक्टर-ड्रिव्हन’साठी ‘चरित्रप्रधान’ नको, वाचक जीवनपट समजेल. ‘व्यक्तिकेंद्री’ने एकाच माणसाची गोष्ट सूचित होते. समीक्षेत ‘घटनाप्रधान’ रुळलेला आहे, त्याच्या जोडीला ‘व्यक्तिरेखाप्रधान’ चालतो, पण तो बोलताना जड जातो. मी ‘स्वभावातून घडणारी गोष्ट’ म्हणतो. घटनाप्रधान कथेत पूर येतो, खून होतो, आणि माणसे त्याला तोंड देतात. इथे थोरला भाऊ हट्टी आहे आणि धाकटा कधी ‘नाही’ म्हणत नाही, एवढ्यानेच पुढचे सगळे घडते. ‘त्यात काहीच घडत नाही’ ही तक्रार करणाऱ्याला घटना दिसलेली नसते, कारण ती दोन वाक्यांच्या मधल्या जागेत घडलेली असते.

राहिला ‘स्लो बर्न’. त्यासाठी ‘धुमसणारा’ हा शब्द बरोबर बसतो, पण प्रकार वेगळा. धुमसणारे पुढे पेटणार, हे त्यात गृहीत असते, आणि असे चित्रपट शेवटी भडका दाखवतात. खालच्या पट्टीतल्या चित्रपटावर तसे बंधन नसते. त्यामुळे शिफारस करताना दोन्ही एका नावाखाली घालू नयेत. भडक्याची वाट पाहत बसलेला प्रेक्षक हिरमुसतो, आणि सुनेशी हवामानाबद्दल बोलणारा तो म्हातारा त्याच्या नजरेतून निसटतो.