सोलर सगळ्यांचं, बिल एकाच विंगचं उतरलं

मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न: दोन विंगांची सोसायटी, सोलरसाठी प्रत्येक फ्लॅटने सारखी वर्गणी भरली, पॅनेल दोन्ही गच्च्यांवर बसली, पण कॉमन विजेचं बिल उतरलं ते फक्त ए विंगचं. बी विंगने दाद कुठे मागायची? अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात.

आधी नेट मीटरिंगचा, म्हणजे सोलरची युनिटं बिलातून वजा करण्याचा, वीज कंपनीशी झालेला करार काढा आणि त्यावरचा ग्राहक क्रमांक बघा. तो ए विंगच्या लिफ्ट-पंपाच्या मीटरचा असेल, तर सगळी युनिटं त्याच बिलातून वळती होणार आणि उरलेली पुढच्या महिन्यात तिथेच जमा होणार. वर्गणी कोणी भरली, याच्याशी वीज कंपनीला कर्तव्य नाही. पैशाची वाटणी सर्वसाधारण सभेचा ठराव ठरवतो, आणि तुम्ही पाठवलेल्या ठरावात 'बचतीचा विनियोग सोसायटीच्या हितासाठी करण्यात येईल' एवढंच आहे. कोणाला, किती, कधीपासून, याचा पत्ताच नाही. सगळं घोडं इथे अडलंय.

त्या सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा तुम्हाला मिळाला होता. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, त्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस असतात. तुम्ही तो न वाचताच फाइलला लावलात आणि आता दीड वर्षाने विचारता आहात. घामाचे पैसे देताना माणसं एक पान वाचत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

तरी वाट आहे. एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी लेखी मागणी केली, तर समितीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. विषय नोटिशीतच स्पष्ट लिहून घ्या: दोन्ही विंगांची कॉमन बिलं एकत्र धरून बचत सर्व फ्लॅटना समान द्यावी, मागच्या महिन्यांसह. मागची वसुली कितपत मान्य होईल, सांगता येत नाही. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरील सोलर योजनेचं अनुदान, किलोवॅटला १८,००० रुपये, मिळालं असेल तर कुठल्या खात्यात जमा झालं, तेही विचारा.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२३ च्या दुरुस्तीने व्हर्च्युअल नेट मीटरिंग आलं. त्यात एका प्रकल्पाची युनिटं ठरलेल्या प्रमाणात अनेक मीटरांवर घेता येतात. तुमच्या प्रकल्पाला ते आता लागू होईल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येईल, पण तिथे तारखांवर तारखा पडतील आणि तोवर बी विंग पूर्ण बिल भरत राहील. म्हणून आधी सभा. मागणीपत्रावर सचिवांची तारखेसह पोच घ्या, नाहीतर 'पत्र मिळालंच नाही' म्हणायला ते मोकळे.