दात उंदराचे आणि नातं जरबिलशी, हे कसं काय?

प्रश्न : आफ्रिकेतल्या काटेरी उंदराबद्दल वाचलं, पाठीवर काट्यांसारखे राठ केस असतात तो. त्यात लिहिलं होतं की तो घरातल्या उंदरापेक्षा जरबिलला (उंदरासारखाच दिसणारा, पण वेगळ्या गटातला प्राणी) जास्त जवळचा. पण आधी तर दात बघून त्याला उंदरांतच धरायचे ना? मग ते लोक इतकी वर्षं नेमकं काय बघत होते? आणि आता डीएनए आहे तर दात बघायचेच कशाला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बरोबर वाचलंत, अकोमिस म्हणतात त्याला. आणि दात बघणारे काही वेडे नव्हते हो. उंदीर-घुशींच्या गटात वरच्या दाढांवर बारीक उंचवट्यांच्या तीन उभ्या रांगा असतात, हीच त्यांची मुख्य खूण, आणि अकोमिसच्या दाढेवरही तशाच रांगा दिसतात मग कोणीही त्याला उंदरांतच टाकणार. जरबिलच्या दाढेवर ते उंचवटे एकमेकांत मिसळून आडवे पट्टे झालेले असतात, साम्य म्हणाल तर शून्य.

पहिली शंका १९८० च्या दशकात आली, रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाची तुलना केली तेव्हा. मग १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी डीएनएची जोडणी करून बघितली. म्हणजे दोन प्राण्यांचा डीएनए तापवून धागे सुटे करायचे, एकत्र थंड करून त्यांची मिश्र जोडी जमू द्यायची आणि परत तापवायचं, जोडी जितकी लवकर सुटेल तितकं नातं लांबचं. त्यात अकोमिस सरळ जरबिलच्या बाजूला गेला. पुढे जीन्सचे क्रम वाचल्यावर लोफ्युरोमिस, युरानोमिस आणि काँगोच्या जंगलातला डिओमिस हे आफ्रिकी उंदीर पण त्याचेच भाऊबंद निघाले, आता या चौघांचा वेगळा उपकुल आहे, डिओमायिनी. यातला डिओमिस तर दातांवरून भलत्याच गटात, झाडावर चढणाऱ्या डेंड्रोमसबरोबर ठेवला होता! म्हणजे तीन रांगांची दाढ दोन वेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे तयार झाली.

पण मला यातली खरी मजा वेगळीच वाटते. १९९२ मध्येच, म्हणजे ती डीएनए जोडणी छापून यायच्या आदल्या वर्षी, देनी आणि मिशो या दोन संशोधकांनी आफ्रिकी उंदरांची वरची तिसरी दाढ, ती सगळ्यात मागची बारकी, तपासली होती आणि अकोमिस, युरानोमिस, लोफ्युरोमिस इतर उंदरांपेक्षा वेगळे पडतात असं दाखवलं होतं. त्यामुळे "डीएनएने दातांना खोटं ठरवलं" असं कोणी लिहिलं की मला पटत नाही, खूण दातांतच होती, फक्त सगळ्यांची नजर पुढच्या मोठ्या दाढेवर.

आता दात कशाला, तर लाखो वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात डीएनए क्वचितच उरतो, आफ्रिकेतल्या उष्ण हवेत तर विसराच. इथिओपियात हाडारला, लूसी या प्राचीन मानवपूर्वजाचा सांगाडा सापडला तिथेच, उंदरांच्या दाढा मिळाल्यात आणि त्यांतल्या काही गोलुंडाच्या आहेत, म्हणजे आज आपल्या महाराष्ट्रातल्या झुडपांत राहतो त्या उंदराच्या जातभाईच्या. हे दाढेशिवाय कळलंच नसतं. घुबडाने ओकलेल्या गोळ्यांतून कोणते उंदीर खाल्ले ते बघायलाही आधी दाढाच बघतात, स्वस्तात काम होतं.

उलट काही ठिकाणी दात खरंच हात टेकतात. पश्चिम आफ्रिकेत मॅस्टोमिस उंदराच्या दोन जाती बाहेरून सारख्याच, दाढांवरूनही ओळखणं अवघड, पण नॅटालेन्सिसचे क्रोमोसोम ३२ आणि एरिथ्रोल्युकसचे ३८. लासा तापाचा विषाणू मुख्यतः नॅटालेन्सिस पसरवतो, म्हणून पिंजऱ्यात सापडलेला नेमका कोणता हे तिथल्या आरोग्यवाल्यांना जेनेटिक टेस्ट करूनच ठरवावं लागतं.