दोन कुटुंबं, एक कॅम्परव्हॅन आणि ईडन: जावं का?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरात सिडनीला येताय, दोन कुटुंबं मिळून सहा जणांची एकच कॅम्परव्हॅन घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला ईडन गावापर्यंत जावं का, किती दिवस ठेवावेत आणि मोटेलपेक्षा स्वस्त पडतं का.

जावं. पण 'दोन कुटुंबं, एकच व्हॅन' हे वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. मला एवढंच सांगा, कॅसेट, म्हणजे व्हॅनमधल्या टॉयलेटची सीटखालची मैल्याची टाकी, कोण रिकामी करणार? हे ठरलं नसेल तर बुकिंग करू नका.

आम्ही सहा जण गेलो होतो. मी, बायको, मुलगी, आणि पुण्याहून आलेले आमचे थोरले साडू, मेहुणी नि त्यांचा मुलगा. कल्पना माझी नव्हती, हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात आजही उलटं सांगितलं जातं. साडूंनी रील्स पाहिली होती. मागचं दार उघडं, समोर समुद्र, हातात कॉफीचा मग. त्या रीलमध्ये सीटखालची खोकी कुणी ओढताना दिसत नाही.

पहिला मुक्काम वाटेतल्या नरूमा गावी होता. संध्याकाळ झकास गेली. तिथे बंधाऱ्याजवळच्या खडकाला हुबेहूब ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखं भोक आहे, त्यातून सगळ्यांनी माना काढून फोटो काढले. मेहुणीने घरून मिक्सर आणला होता, पॉवर्ड साइटवर (कॅरॅव्हॅन पार्कातली वीजजोडणीची जागा) तो चालला, चटणी झाली. (वाटेत जेवायला थांबलो तेव्हा चालला नव्हता. घरच्यासारखी वीज फक्त वायर लावल्यावर, एरवी बॅटरीवर दिवे नि पाण्याचा पंप. यावरही अर्धा तास चर्चा झाली, पण ते जाऊ दे.)

सकाळी उठलो तर टॉयलेटचा लाल दिवा लागलेला. कॅसेट असते वीसेक लिटरची. सहा माणसं, एक दिवस, एक रात्र. दुसरं काय होणार?

मी साडूंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला उमासे येतात हो. आणि गाडी तुमच्या नावावर आहे." गाडी माझ्या नावावर होती कारण लायसन्स इथलं होतं! (तुमचं महाराष्ट्राचं लायसन्स इंग्रजीत असतं, पाहुणे म्हणून आलात तर न्यू साऊथ वेल्समध्ये चालतं. म्हणजे गाडी तुमच्याही नावावर होऊ शकते. सांभाळा.)

तर मी गेलो. कॅसेटला चाकं असतात, विमानतळावर बॅग ओढावी तशी ती ओढत डंप पॉइंटपर्यंत, म्हणजे मैला ओतायच्या जागेपर्यंत, न्यायची. तिथे रांग होती, सगळे सत्तरीचे गोरे आजोबा, प्रत्येकाच्या हातात आपापली कॅसेट आणि हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या. माझा नंबर आला. नळी फिरवली, झाकण काढलं, ओतायला लागलो. भक्, भक् असा आवाज होऊन पहिला फवारा थेट पँटवर. मागचे आजोबा शांतपणे म्हणाले, "बटण, बटण दाब." हँडलजवळ हवेचं एक बटण असतं. ओतताना ते अंगठ्याने दाबून धरलं की हवा आत जाते आणि धार सरळ पडते. भाड्याने देणाऱ्या माणसाने पंचेचाळीस मिनिटं सगळं दाखवलं होतं, हे सोडून. मग दोनदा पाणी घालून खळबळायची आणि ते निळं औषध टाकायचं. आजोबांनी सगळं शिकवलं, वर हात धुवायला साबण दिला.

परत आलो तर साडू खुर्ची टाकून कॉफी पीत होते, समोर समुद्र. रील पूर्ण झालं.

पुढचे तीन दिवस हे खातं माझ्याकडेच होतं. त्यांनी काय केलं? एकदा हातमोजे घालून डंप पॉइंटपाशी उभं राहून फोटो काढून घेतला आणि पुण्याच्या ग्रुपवर टाकला. मोजे कोरडे होते.

ईडनला गेलात की किलर व्हेल म्युझियम पाहाच. तिथे ओल्ड टॉम नावाच्या ओर्काचा, म्हणजे किलर व्हेलचा, अख्खा सांगाडा आहे, 1930 मध्ये तो तिथल्याच टूफोल्ड बे मध्ये मेलेला सापडला. गोष्ट खरी आहे आणि अफाट आहे. हे ओर्का मोठ्या देवमाशांना उपसागरात कोंडायचे, किनाऱ्याजवळ येऊन शेपट्या आपटून माणसांना वर्दी द्यायचे. मग देवमाशांची शिकार करणाऱ्या डेव्हिडसन कुटुंबाच्या बोटी निघायच्या, त्यांत थावा आदिवासी दर्यावर्दीही असायचे. देवमासा मारला की तो लगेच ओढून न्यायचा नाही. आधी ओर्कांनी जीभ नि ओठ खायचे, उरलेलं तेल माणसांचं. याला तिथे 'जिभेचा कायदा' म्हणतात. टॉमचे दात झिजलेले दिसतात. तो दोर दातात धरून ओढायचा म्हणून झिजले, असं सांगतात. मी त्या दातांपुढे बराच वेळ उभा होतो. साडूंना बोलावून दाखवले. म्हटलं, बघा, कामाची वाटणी जनावरालाही कळते. ते म्हणाले, "त्याला वास येत नसेल."

पाणी ओलांडून दक्षिणेला बेओवा राष्ट्रीय उद्यान आहे, जुन्या नकाशांवर बेन बॉइड म्हणून दिसेल. 2022 मध्ये नाव बदललं, बेओवा म्हणजे थावा भाषेत ओर्काच. डेव्हिडसनांचं जुनं ठाणं नि बॉइडचा मनोरा तिथे आहे. ऑक्टोबर तुम्ही बरोबर निवडलाय, त्या काळात देवमासे पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परतत असतात. आम्हाला अॅस्लिंग्स बीचवरून फवारे दिसले, बोटीत न बसता.

आता पैशाचं. स्वस्त वगैरे काही पडत नाही. भाडं, डिझेल, रोज पॉवर्ड साइट, वर विम्याची वाढीव रक्कम. मी नंतर हिशेब मांडला, एक मोठी गाडी नि मोटेलच्या दोन खोल्या जवळपास तेवढ्यातच झाल्या असत्या. साडूंनी हे आधी सांगितलं होतं, असं ते म्हणतात. मला आठवत नाही. फुकट म्हणून समुद्रकाठच्या पार्किंगमध्ये झोपायचं मनात असेल तर पाट्या वाचा, बऱ्याच गावांत मनाई आहे आणि दंड होतो.

आणखी एक, नाइलाजाने लिहितो. कॅरॅव्हॅन पार्कातली टॉयलेटं खरोखर स्वच्छ असतात. साडूंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून होतं की सगळ्यांनी तिकडेच जावं, व्हॅनमधलं फक्त रात्री-अपरात्री वापरावं. ते बरोबर होतं. पण हे सांगणारा माणूस पहाटे थंडी वाजते म्हणून स्वतः आतच जात होता!

दिवस राहिलेच. सिडनी ते ईडन साधारण 480 किलोमीटर, पण व्हॅनने एका दिवसात मारू नका. अंधार पडायला लागला की कांगारू नि वॉम्बॅट रस्त्यावर येतात, आणि बऱ्याच करारांत शहराबाहेर रात्री चालवलेलं विम्यात बसत नाही. जाताना नरूमाला एक रात्र, ईडनला दोन, परतताना एक सिडनीच्या अलीकडच्या कायामाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळांच्या सुट्या नि लाँग वीकेंड असतो, त्या आठवड्याची साइट आत्ताच धरा.

आणि जमलं तर एका मोठ्या व्हॅनऐवजी दोन लहान घ्या. महाग पडेल. पडू दे.