ट्रकचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन घरी रीबिल्ड करता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: २००४ ची शेव्ही सिल्व्हराडो, ५.३ लिटरचं इंजिन. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स नीट पडतात, पण तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. ब्रेक, वॉटर पंप, हेड गॅस्केट तुम्ही घरीच केलंय. ट्रान्समिशनलाही हात घालावा का?

घाला. रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल आणि घाई नसेल, तर जरूर घाला. टेक्सासात माझ्या घरच्या गराजमध्ये मी हेच ट्रान्समिशन केलंय, तेही ह्याच दुखण्यासाठी. त्याआधी सांगलीला वडिलांच्या हाताखाली ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स खोलले होते. तिथे तुटलेला दात डोळ्यांना दिसतो. इथे सगळा कारभार ऑइलच्या दाबावर चालतो, आणि दाब कुठे गळतोय ते दिसत नाही, शोधावं लागतं.

तुमच्या ट्रकात ४एल६०-ई नावाचं ट्रान्समिशन आहे. १९८२ च्या ७००आर४ ह्या जुन्या ट्रान्समिशनवरून हे आलं, १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक झालं. इतक्या गाड्यांत बसलंय की पार्ट सहज मिळतात. त्यात तिसरा आणि चौथा ह्या दोन्ही गिअरना एकच क्लच पॅक (दाबाने एकमेकींना चिकटणाऱ्या प्लेटींचा गठ्ठा) लागतो, थ्री-फोर क्लच. तिसरा गेला म्हणजे चौथाही गेला असणार, आणि तुमची लक्षणं तिकडेच बोट दाखवतात. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले असते, तर मी सन शेल (आतल्या सन गिअरला फिरवणारं पत्र्याचं कवच) तुटलंय असं म्हटलं असतं. कुठले गिअर गेले हे आधी कागदावर लिहा, खोलण्याआधीच अर्धं निदान होतं.

पॅन (खालचं ऑइलचं तसराळं) काढल्यावर माझं ऑइल काळपट होतं आणि जळका वास हातालाच चिकटला. इनपुट ड्रम (हे क्लच ज्यात बसतात तो डबा) उघडला तर थ्री-फोरच्या प्लेटींवरचं अस्तर पूर्ण गेलेलं, मधल्या स्टीलच्या प्लेटी निळ्या पडलेल्या. बरेच जण इथेच थांबतात, नव्या प्लेटी घालतात आणि बंद करतात. तसं करू नका. प्लेटी जळल्या कारण त्यांना दाबून धरणारा दाब कमी पडत होता. पिस्टनचं सील कडक झालंय का, ड्रमला चीर गेलीय का, इनपुट शाफ्टवरच्या चार टेफ्लॉन रिंगा कापल्यात का, पंप झिजलाय का, हे सगळं बघा. व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल कुठल्या क्लचला जाईल ते ठरवणारा भाग) टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून ट्रान्समिशनला देणारा भाग) क्लचच्या व्हॉल्व्हचा बोअर, म्हणजे व्हॉल्व्ह सरकतो ते भोक, झिजणं हेही ह्या ट्रान्समिशनचं जुनं दुखणं आहे. कॉम्प्युटरमध्ये पी१८७० कोड साठलेला असेल तर आधी तिथे बघा.

आता हवेची चाचणी, जी मी कुणालाही टाळू देणार नाही. ड्रम जुळवला की त्या त्या क्लचच्या भोकातून साधारण ४० पीएसआय हवा सोडायची. पिस्टन ठक्कन बसला पाहिजे आणि हवा बंद करेपर्यंत बसून राहिला पाहिजे. माझा थ्री-फोर बसला, पण सुस्स असा आवाज चालूच राहिला. पुन्हा खोललं, तर नव्या सीलची ओठासारखी कड बसवताना आत दुमडून कापली गेली होती. नवं सील आणलं, व्हॅसलीन लावलं, पातळ फीलर गेजने (फट मोजायची पट्टी) कड हळूहळू आत सरकवत गोल फिरवलं. एक संध्याकाळ गेली. तसंच बंद केलं असतं, तर नव्या प्लेटीही जुन्यांच्याच वाटेने गेल्या असत्या.

व्हॉल्व्ह बॉडी काढताना चेक बॉल (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या गोळ्या) खाली पडतात. वर्षाप्रमाणे त्यांची संख्या बदलते, म्हणून प्रत्येक जागेचा फोटो काढा. व्हॉल्व्ह बॉडी आणि केस ह्यांच्या मधल्या सेपरेटर प्लेटच्या दोन गॅस्केटवर व्ही आणि सी छापलेलं असतं, व्ही व्हॉल्व्ह बॉडीकडे, सी केसकडे. ती उलटी बसली तर ऑइलचे रस्तेच चुकतात. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट ११ न्यूटन-मीटरवरच आवळा, इंच-पाउंडाच्या टॉर्क रेंचने. नव्या घर्षण प्लेटी बसवण्याआधी निदान अर्धा तास ट्रान्समिशन ऑइलमध्ये भिजू द्या. पुसायला धागे सुटणारं फडकं नको, एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो.

उतरवताना आणि चढवताना ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणाच. वजन सत्तर किलोच्या आसपास, तेही एका बाजूला झुकणारं. छातीवर झेलायचा विचारसुद्धा करू नका.

टॉर्क कन्व्हर्टर नवा घ्या, जुन्याच्या पोटात जळका कचरा साठलेला असतो. तो आत सरकवताना फिरवत राहा, एकेक पायरी खाली बसल्याचं हाताला कळतं. बेलहाउसिंग (ट्रान्समिशनचं पुढचं घंटेसारखं तोंड) इंजिनला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, त्याच्यात आणि इंजिनच्या मागच्या फ्लेक्सप्लेट ह्या चकतीत थोडी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका, पंप तिथल्या तिथे फुटतो. कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन काढा, नाहीतर जुना कचरा पहिल्याच दिवशी नव्या कामात येतो.

ऑइलची पातळी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघा. पाचशे मैलांनी पॅन पुन्हा उतरवा. माझ्या पॅनमधल्या चुंबकावर करड्या रंगाची पातळ साय होती, म्हणजे नेहमीचीच झीज, आणि ऑइल लालच होतं.