विमानात सांगितलेलं जैन जेवण मिळालं नाही, तर सुरुवात कुठून करायची

पहिल्यांदाच तक्रार करताय, तर एवढं पक्कं लक्षात ठेवा: पुरावा विमानातच गोळा करायचा. मुंबईला उतरून घरी पोचल्यावर फारसं काही हाती लागत नाही.

ट्रे समोर आला की झाकणावरच्या चिठ्ठीसकट फोटो काढा. केबिन क्रूला शांतपणे सांगून नोंद करायला लावा. बोर्डिंग पास जपून ठेवा. बुकिंगच्या ईमेलमधला जेवणाचा कोड (जैन असेल तर व्हीजेएमएल) दिसेल असा स्क्रीनशॉटही हवाच.

नवखे हमखास इथे चुकतात:

- ‘रिक्वेस्टेड’ म्हणजे ‘कन्फर्म्ड’ असं धरून चालतात.
- फ्लाइट बदलल्यावर जेवणाची विनंती गळू शकते, ती पुन्हा तपासत नाहीत. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर विमान चालवणाऱ्या कंपनीकडेच खात्री करा.
- पानभर संताप लिहितात, मागणी मात्र लिहीत नाहीत.

जेवणाचे वेगळे भरलेले पैसे परत, शिवाय व्हाउचर किंवा माइल्स (पुढच्या प्रवासात वापरता येणारे पॉइंट्स), असं विमान कंपनीकडे नेमकं मागा. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांतली ठरलेली भरपाई बोर्डिंग नाकारणं, उड्डाण रद्द होणं अशा गोष्टींसाठी आहे, जेवणासाठी नाही. त्यामुळे त्या नियमाचा धाक घालून उपयोग नाही.

दाद लागली नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी (तक्रारींसाठी नेमलेला), मग एअरसेवा पोर्टल (विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीचं सरकारी संकेतस्थळ), मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाचं तूर्त डोक्यात घेऊ नका. पण मधुमेहाचं जेवण चुकून तब्येत बिघडली असेल, तर डॉक्टरांचा कागद त्याच दिवशी घ्या.