जुन्या फरशीवर टाइल: आधी ठोकून पाहा

स्वयंपाकघरात पंचवीस वर्षांची शहाबादी आहे. मिस्त्री म्हणतो, काढायची गरज नाही, वरूनच सिरॅमिक टाइल बसवून देतो. बसवू का? (दारव्हा)

ताई, बसवता येते, पण मिस्त्रीला होकार देण्याआधी रात्री घर शांत झाले की एक काम करा. हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक फरशीवर हलके ठोका. पक्की फरशी टणटण वाजते, खालून सुटलेली ढबढब. ढबढब वाजेल तिच्यावर खडूने फुली मारा. चार-दोन फुल्या निघाल्या तर तेवढ्याच फरश्या उचलून, खाली मसाला भरून परत बसवून घ्या. निम्मी खोली फुल्यांनी भरली तर मात्र सगळी शहाबादी काढा. खर्च जिवावर येईल, तरी काढा.

दुसरे, तेल. माझ्या मावशीकडे पोळ्यानंतर शहाबादीवर सिमेंटच्या घोळात टाइल बसवली. होळीच्या आत ओट्यासमोरच्या तीन टाइल हलायला लागल्या. एक उचलून पाहिली, तर सिमेंट सगळे टाइलच्या पाठीला, आणि खालची शहाबादी कोरडी, गुळगुळीत, फोडणीच्या तेलाने काळपट चकाकणारी. तिथे सिमेंट धरणार तरी कशाला? म्हणून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ताठ ब्रशने फरशी दोनदा घासा, पूर्ण वाळू द्या आणि छिन्नीने दोन-दोन इंचांवर टाचे मारून घ्या. टाइल अ‍ॅडहेसिव्हनेच बसवा. जुन्या फरशीवर चालते असे पिशवीवर लिहिलेले असेल तेच घ्या. दातेरी थापीने ते सगळीकडे ओढले पाहिजे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबणारा मिस्त्री असेल तर त्याला तिथेच थांबवा. मधल्या पोकळीवर खलबत्ता पडला की टाइल फुटलीच.

वरून टाइल बसवल्यावर दार अडकेल का? मोरीचे काय? (आर्वी)

टाइल 8 मिमी, खाली अ‍ॅडहेसिव्ह 4 ते 5 मिमी. म्हणजे जमीन अर्धा इंच वर येते. दार खालून सुताराकडून आधीच रंधून घ्या. मोरीची जाळी तेवढीच उचला आणि उतार तिच्याकडेच राहतो ना, हे तांब्याभर पाणी ओतून बघा. ओट्याखाली सिलिंडर ठेवत असाल तर रेग्युलेटरसह त्याची उंची मोजा.

आमचे घर काळ्या जमिनीवर आहे. कोब्याला उन्हाळ्यात भेग पडते, पावसाळ्यात ती मिटते. कडेला पांढरा लोणाही येतो. टाइलने हे झाकले जाईल ना? (दर्यापूर)

भाऊ, झाकले जाईल, पण फार दिवस नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. वावरात दिसते तेच घराखाली चालू असते. कोबा हलला की त्याला चिकटलेली टाइलही त्याच रेषेत तडकते. भेगेवर आडवी पीओपीची पट्टी लिंपून तारीख घाला. ऋतू बदलल्यावर ती फुटली तर भेग जिवंत आहे असे समजा.

लोणा म्हणजे खालून चढणाऱ्या ओलीने वर आणलेले क्षार, आणि तुम्ही तर खारपाणपट्ट्यातले. दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. खाली दव जमले तर टाइल नको. कोबा फोडून, काळी माती शक्य तेवढी खोल काढून मुरूम भरा, पाणी मारून चोपा, त्यावर जाड प्लास्टिक आणि नवा कोबा. घराभोवतीचे पाणी भिंतीपासून लांब काढा. हे करायला पैसे नसतील तर यंदा टाइल घेऊच नका. टाइलचा खर्चही वाया गेलेला मला बघवत नाही.

मे महिन्यात लग्न आहे, त्याआधी काम उरकायचे. उन्हाचा त्रास होतो का? (वरोरा)

होतो. पारा 45 अंशांवर गेला की पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर काही मिनिटांत साय धरते. बोट लावून पाहा. बोटाला चिकटले नाही तर खरवडून टाका, वरून पाणी मारून ओले करू नका. पहाटे सुरू करा, सकाळी दहाच्या आत काम थांबवा, एका वेळी चार-पाच टाइलपुरतेच पसरा. भिंतीलगत 5 मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली जाते. टाइलमधल्या सांध्यांत ग्राउट 24 तासांनी भरा. आचाऱ्याची जड भांडी त्या खोलीत यायच्या आधी निदान आठवडा मोकळा ठेवा.